फुकटचा डाव आणि रात्रीचे दोन

अहो, तुमच्या कानावर आलंच असेल म्हणा. डोंबिवलीत बातमी फास्ट लोकलच्या आधी पोचते. तरी माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे तिखटमीठ निदान घरचं लागेल. आमच्या सोसायटीतले चार सभ्य पुरुष पत्त्यांच्या नादी लागले. आणि त्यातले एक आमचे हे!

छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. लॉटरीचं तिकीट कधी हातात धरलं नाही. आमच्या लग्नात कानपिळीला माझ्या भावाच्या हातावर अकरा रुपये ठेवले, तेही दोनदा मोजून. गोव्याला गेलो होतो, तेव्हा मांडवीतली ती दिव्यांनी लखलखणारी कॅसिनोची जहाजं बघून बरोबरच्या सगळ्यांचे पाय तिकडे वळले. हे मात्र काठावरूनच मागे फिरले. म्हणाले, "आत जायचेच पैसे घेतात, म्हणजे हरायला दारापासूनच सुरुवात!" असा हा माणूस रात्री दोन वाजता अंधारात, मोबाइलच्या उजेडात तोंड निळं करून पुटपुटतोय, "ये, ये, एक इस्पिक ये." मला वाटलं, झोपेत जप चाललाय.

लावून दिलं बी विंगमधल्या इंजिनियर पोराने. 2020 चं लॉकडाउन, माणसं घरात कोंडलेली, गच्चीवर सहा फुटांवरून गप्पा. "काका, पोकर खेळणार का?" ह्यांच्या कपाळावर आठ्या उमटल्या. तेवढ्यात पोरगं म्हणालं, "एंट्री फुकट आहे." झालं! फुकट ते पौष्टिक, हे आमच्या घराण्याचं ब्रीदवाक्य. आठ्या मावळल्या.

'फ्रीरोल' म्हणतात त्या प्रकाराला. ऑनलाइन स्पर्धा, प्रवेश फुकट, बक्षिसाची रक्कम साइटवाल्यांची. त्यांना काय पुळका आला म्हणता? हलवाई बर्फीचा तुकडा हातावर टेकवतो ना, तसंच. तुकडा खाऊन कोण निघून जातं? पाव किलो घेतल्याशिवाय पाय निघत नाही. आमचे हे मात्र तुकडा खाऊन, हात पुसून, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दुकानात उभे! पाच वर्षांत एक रुपया भरला नाही. त्या हलवायाने असं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नसेल.

आता पत्ते काय आम्हाला नवे नाहीत. गणपतीत जागरणाला मेंढीकोट, मे महिन्यात आजोळी झब्बू आणि बदाम सात, दिवाळीत दाराला कडी लावून तीन पत्ती. पण ह्यांचं पोकर मी शेजारी बसून पाहिलं आणि अवाक् झाले. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे मिळतात, मधोमध पाच पत्ते हळूहळू उघडतात, सातांतून पाचांचा सगळ्यात चांगला मेळ ज्याचा, त्याचा डाव. सोपं आहे. आणि हे काय करत होते? पत्ते आले की टाकून देत होते. पुन्हा आले, पुन्हा टाकले. पाऊण तास नुसतं 'फोल्ड, फोल्ड, फोल्ड'! ज्या माणसाने आयुष्यात एका चादरीची घडी केली नाही, तो तासाला पन्नास घड्या घालतोय. मी विचारलं, "खेळायचं नाही तर बसलात कशाला?" म्हणाले, "हाच खेळ आहे."

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. मला कोणी आकड्यांत गुंडाळू शकत नाही. कागद घेऊन बसले. बावन्न पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या जोड्या किती? बावन्न गुणिले एक्कावन्न भागिले दोन, म्हणजे 1326. त्यात दोन एक्के यायच्या तऱ्हा फक्त सहा. म्हणजे 221 डावांत सरासरी एकदा. तासाला साठेक डाव धरले, तर साडेतीन तासांहून जास्त वाट पाहायची, तेव्हा कुठे एक्क्यांची जोडी दर्शन देणार. संकष्टीला चंद्र बरा, वेळ तरी पंचांगात छापून येते.

आणि दर्शन झालं तरी पावेल याचा भरवसा काय? एकास एक असेल तर एक्क्यांची जोडी शंभरात पंच्याऐंशी वेळा जिंकते. पण फुकटच्या स्पर्धेत एकास एक कोण असतं? पहिल्या दहा मिनिटांत निम्मं टेबल 'ऑल-इन'! म्हणजे असतील नसतील त्या सगळ्या चिप्स एकदम मधे. हातात सत्ती-दुरी असली तरी चालते. पोकरमध्ये याहून भिकार जोडी नाही. कारण गेलं तर काय जाणार आहे? नऊ जणांच्या टेबलावर आठही जण पाठोपाठ आत आले, तर तेच दोन एक्के तिनांत जेमतेम एकदा टिकतात. पंगतीत फुकट म्हणून जिलब्या पानात घेऊन टाकणारी माणसं पाहिलीत ना? तीच ही. फक्त हातात चिप्स.

आमच्या ह्यांचं सगळं तत्त्वज्ञान इथून सुरू होतं, आणि मला सांगायला लाज वाटते, पण ते बरोबर निघालं. त्यांचं म्हणणं, "फुकट आहे हे जो विसरतो, तो जिंकतो." साऱ्या टेबलाने चिप्स उधळायच्या आणि ह्यांनी त्या भविष्यनिर्वाह निधीसारख्या सांभाळायच्या. पहिला तासभर नुसतं बसायचं. मोठी जोडी आली, एक्का-राजा आला, तरच हात उघडायचा. तोवर चारशे-पाचशे अतिउत्साही मंडळी आपसांत लढून घरी गेलेली असतात. काही न करता माणूस वर सरकतो! ज्येष्ठतेने बढती मिळाल्यासारखं. ह्यांना तो खेळ आपला वाटला, यात नवल नाही.

आता ह्या पंथाचे साधुसंत ऐका. पहिला मान अमेरिकेतल्या टेनेसीच्या ख्रिस मनीमेकरचा. आडनाव खरंच मनीमेकर हो! आपल्याकडे 'पैसेकर' म्हणून स्थळ आलं असतं तर उडी पडली असती. हा साधा हिशेबनीस. ऑनलाइन पात्रता स्पर्धेत 86 डॉलर घातले, त्यातून 10,000 डॉलर प्रवेशमूल्याच्या जागतिक स्पर्धेची खुर्ची मिळवली, आणि 2003 साली 839 खेळाडूंत पहिला येऊन 25 लाख डॉलर घेऊन घरी गेला. बायकोने त्या 86 डॉलरचा हिशेब मागितला असेल का, हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला अडीच हजारांवर माणसं आली. जगातले सगळे हिशेबनीस बिथरले, त्याचं मूळ हे.

दुसरा ख्रिस फर्ग्युसन. खांद्यावर रुळणारे केस, दाढी, डोक्यावर टोपी. लोक 'जीझस' म्हणतात. संगणकशास्त्रात पीएच. डी. आणि 2000 सालचा जगज्जेता. या गृहस्थाने पैज घेतली की शून्य डॉलरपासून, फक्त फुकटच्या स्पर्धांतून सुरुवात करून 10,000 डॉलर करून दाखवीन. दीड वर्षाच्या आसपास लागलं, पण करून दाखवले. सुरुवातीचे कित्येक महिने तर चार-दोन डॉलरांतच घुटमळत होता. मुख्य नियम दोन: एका टेबलावर पुंजीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त न्यायचं नाही, आणि मोठ्या स्पर्धेला दोन टक्क्यांपेक्षा जास्त द्यायचं नाही. हे ऐकून आमच्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कर्ज मंजूर करताना आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलं? मी मात्र पुढची गोष्टही शोधून काढली. फर्ग्युसन ज्या साइटच्या संचालकांत होता, तीच 2011 मध्ये बंद पडली, खेळाडूंचे पैसे अडकले, खटले झाले. म्हणजे दुसऱ्याच्या पुंजीला पाच टक्क्यांचा नियम लावायचा राहिला म्हणायचा.

तिसरी नॉर्वेची ॲनेट ओब्रेस्टाड. पंधराव्या वर्षी फुकटच्या स्पर्धांतून सुरुवात. 2007 मध्ये लंडनच्या मोठ्या स्पर्धेत पहिली आली आणि दहा लाख पौंड जिंकली, तेव्हा एकोणिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. आमच्या पोरींना त्या वयात आम्ही बारावीच्या गुणपत्रिकेवरून बोलत होतो! तिचा तर कहर ऐका: 180 जणांची एक ऑनलाइन स्पर्धा तिने स्वतःचे पत्ते झाकून ठेवून जिंकली. सगळ्या स्पर्धेत ते एकदाच पाहिले. मी म्हटलं, हा काय चावटपणा? तर हे म्हणाले, "ती पत्ते खेळतच नाही, माणसं खेळते."

इथे 'पोझिशन' नावाचं प्रकरण येतं. ज्याची बोलायची पाळी शेवटी, त्याचं पारडं जड. आधीच्यांनी काय केलं ते सगळं बघून तो ठरवतो. यात मला काही नवं वाटलं नाही. आमचे सेक्रेटरीसाहेब सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत वीस वर्षं हेच करताहेत. सगळ्यांना बोलू द्यायचं, भांडू द्यायचं, आणि मग घसा खाकरून, "तर मग ठरलं म्हणायचं." लिफ्टचं कंत्राट असंच ठरलं. त्यांना पोकर शिकवावं लागलं नाही. तेही चौघांतले एक, आणि पहिल्याच महिन्यात ह्यांच्यापेक्षा पुढे.

चौथे आमचे वरच्या मजल्यावरचे मराठीचे प्राध्यापक. ते बुडाले ते थापेने, म्हणजे 'ब्लफ'ने. लहानपणी चॅलेंज खेळताना गुलाम टाकून 'तीन राणी' म्हणायचो, तीच विद्या. प्राध्यापकांनी कुठेतरी मनीमेकरचा तो गाजलेला डाव पाहिला. समोर सॅम फर्हा नावाचा मुरलेला व्यावसायिक, त्याच्याकडे नव्व्यांची जोडी. मनीमेकरच्या हातात राजा-सत्ती, म्हणजे काही जुळलेलं नाही, आणि गडी सगळ्या चिप्स पुढे सारून दगडासारखा बसला. फर्हा विचार करकरून शेवटी पत्ते टाकून मोकळा. प्राध्यापकांनी रात्री तेच केलं. समोरून क्षणात 'कॉल' आला, म्हणजे तितक्याच चिप्स पुढे. समोरच्याकडे तिऱ्यांची जोडी होती. तिऱ्यांची!

"अहो सर," ह्यांनी जिन्यात समजावलं, "थाप मारायला समोर घाबरणारं माणूस लागतं. फर्हाला विचार करता येत होता, म्हणून तो फसला. फुकट आलेला माणूस विचारच करत नाही, तो फक्त बघायला थांबलेला असतो." पटलं मला. टोमणा मारायचा तर ज्याला कळेल त्यालाच मारावा. न कळणाऱ्याला मारलेला टोमणा वाया जातो, आणि वर तो 'थँक्यू' म्हणतो. तेव्हा फ्रीरोलमध्ये थापा नाहीत. चांगले पत्ते आले की किंमत वाढवत न्यायची, लोक बिनदिक्कत देतात. अशा लोकांना हे 'फिश' म्हणतात. भर श्रावणात माझ्या वरणभाताच्या स्वयंपाकघरात उभं राहून हा माणूस फोनवर मोठ्याने बोलला, "आज टेबलावर पाच फिश आहेत!" शेजारच्या काकूंनी तीन दिवस माझ्याकडचा प्रसाद घेतला नाही.

आता हसू नका, मीही थोडी गुंतले. रात्री पाणी प्यायला उठले की विचारायची, "किती उरले?" एकदा हे घामाघूम. मधे चार पत्ते उघडलेले, ह्यांच्याकडे नि तिथे मिळून चार बदाम. पाचवा आला तर डाव ह्यांचा. "येईल का गं?" मी झोपेतच सांगितलं, तेरा बदामांतले चार दिसले, नऊ राहिले. दोन पत्ते यायचे असतील तर नऊ चोक छत्तीस टक्के, एकच यायचा असेल तर नऊ दुणे अठरा. फार तर टक्का-दोन टक्के इकडेतिकडे. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं साखरपुड्यालाही पाहिलं नव्हतं.

पण सांभाळण्याच्या ह्याच गुणाने पुढे घात केला. या खेळात 'ब्लाइंड' असतो. पत्ते बघण्याआधीच, पाळीपाळीने भरावी लागणारी सक्तीची रक्कम. ह्यांनी मला बँकेच्या भाषेत समजावलं, "खात्यात तू काही कर अथवा न कर, शुल्क कापलं जाणारच. तसं." आणि दर काही मिनिटांनी हे शुल्क वाढत जातं. त्यामुळे नुसतं बसून राहिलं की पुंजी आपोआप झिजते. मोठ्या ब्लाइंडच्या दहापट चिप्सही उरल्या नाहीत, की मग मधला मार्ग नाही: पत्ते टाका, नाहीतर सगळं घेऊन उडी मारा. त्याआधीच हात सैल सोडायला हवा. कितीतरी लोक नाव नोंदवून झोपून जातात, त्यांचे ब्लाइंड बेवारशी पडलेले असतात, ते उचलायचे. बक्षिसाच्या उंबरठ्यावर, ज्याला 'बबल' म्हणतात, तिथे सगळे श्वास रोखून बसतात. नेमकं तेव्हा धाडस करायचं. कारण बक्षिसाचा मोठा वाटा पहिल्या तिघा-चौघांचा. बाकीच्यांना उदबत्तीचे पैसे.

आमच्या ह्यांना हे पाठ होतं. जमत मात्र नव्हतं. दीड हजारांतून शेवटच्या साठांत यायचे आणि तिथे मुदत ठेवीसारखे गोठायचे. ब्लाइंड कुरतडत राहायचे, आणि शेवटी पंचेचाळिसावा नंबर, बारा रुपये! बोहणीचे पैसेसुद्धा याहून जास्त असतात. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, आयुष्यभर काटकसर कशासाठी करतो माणूस? मुलीच्या लग्नात हात आखडता घ्यायला? तिथे सोडावाच लागतो ना? मग इथेही सोडा!" त्या रात्री त्यांनी सोडला. इस्पिकच्या एक्का-राणीवर सगळं लावलं. नऊला बसलेला माणूस दोनला उठला, तो शेवटच्या टेबलावरून, सहावा. बक्षीस 60 रुपये. पाच तासांचे साठ, म्हणजे तासाला बारा. सकाळी पोळ्यांच्या बाईंना सांगितलं, तर लाटणं तसंच धरून म्हणाल्या, "ताई, साहेबांना दुसरीकडे काही मिळत नाही का?"

लोक म्हणतात कलियुग. कसलं कलियुग! ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. त्यात बायको दुरावलेला, कर्जात बुडालेला जुगारी रडतो, आणि त्याला उपदेश होतो की फासे सोड, शेती कर. 2025 च्या जुलैत आपल्या विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ फिरला. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, ती आपोआप उघडली. होईलही तसं. पण नंतर त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. ऋषींनी सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट!

आणि आपलं सरकार काही कमी मुरलेला खेळाडू नाही. महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही, आणि 2023 मध्ये रद्द करून टाकला. सत्तेचाळीस वर्षं पत्ते हातात धरले आणि मग फोल्ड! आमच्या ह्यांनी ही बातमी कापून ठेवली आहे.

दिल्लीने मात्र उडी मारली. ऑगस्ट 2025 मध्ये दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. कौशल्याचा असो की नशिबाचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ज्या घरांत पगारच्या पगार ह्या मोबाइलमध्ये गेले, त्या बायकांनी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली असेल, आणि मीही ठेवली. थट्टा वेगळी. तो बर्फीचा तुकडा खाऊन सगळेच हात पुसून निघत नाहीत.

ह्यांची साइटही गुंडाळली गेली. तेव्हा ह्यांच्या नावावर किती शिल्लक होती? पाच वर्षांच्या जागरणाचे 480 रुपये. साइटचा नियम असा, की पाचशे झाल्याशिवाय काढता येत नाहीत. वीस रुपयांसाठी हा माणूस तीन महिने झटत होता! आता बंदच पडली म्हटल्यावर त्यांनी सगळ्यांचे पैसे परत करायला काढले. त्यावर तीस टक्के टीडीएस. 144 गेले, 336 हातात आले.

सध्या बी विंगच्या पोराने नुसत्या खोट्या चिप्सवाला खेळ लावून दिलाय. हे दोन दिवसांत कंटाळले. "सगळे दर डावाला ऑल-इन! तिथे साठ रुपये तरी होते, त्या साठांची लाज होती माणसांना. इथे तीही नाही." प्राध्यापक पुन्हा ब्रिजकडे वळले. सेक्रेटरीसाहेब कुठे खेळतात ते कोणालाच कळत नाही. ते शेवटी बोलतात.

आणि परवाची गंमत सांगते, मग निघते, दूध उतू जाईल. हे सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच्या जुन्या शाखेत गेले. पासबुक छापायच्या यंत्रापुढे रांगेत अर्धा तास उभे राहिले. घरी येऊन पासबुक माझ्यापुढे उघडलं. जमा, 336 रुपये. त्या ओळीवर बोट ठेवून असे बसले, जसं काही पोराचा निकाल लागलाय. मी चष्मा लावला आणि खालची ओळ वाचली. एसएमएस शुल्क, नावे, 17 रुपये 70 पैसे.

मी काही बोलणार, तेवढ्यात ह्यांनी शांतपणे पासबुक मिटलं. म्हणाले, "ब्लाइंड गेला."